लग्नावर आधारित ग्रीन कार्डची मुलाखत: जोडप्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकी नागरिकाशी किंवा ग्रीन कार्डधारकाशी लग्न झाल्यावर अमेरिकेत राहूनच कायमस्वरूपी वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्या जोडप्याला बहुतेक वेळा एकत्र मुलाखतीला बोलावले जाते. ही मुलाखत अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाच्या, म्हणजे यूएससीआयएसच्या, स्थानिक कार्यालयात होते. ठरवून झालेले लग्न, लग्नानंतर बदललेले नाव, सासू-सासऱ्यांसोबतचे घर, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला या गोष्टींबद्दल सर्वसाधारण मार्गदर्शिकांत फारसे काही सापडत नाही, आणि मराठी जोडप्यांना नेमक्या त्याच अडतात. म्हणून इथे त्यांवर अधिक लिहिले आहे. ज्यांच्या प्रकरणात व्हिसाची संपलेली मुदत, अटक, पूर्वी नाकारलेला अर्ज किंवा हद्दपारीचा आदेश यांपैकी काही असेल, त्यांनी केवळ हे वाचून मुलाखतीला जाऊ नये; आधी स्थलांतर कायद्याच्या परवानाधारक वकिलाला भेटावे.

ही मुलाखत नेमकी कशासाठी घेतली जाते?

अधिकाऱ्याला दोन गोष्टींची खात्री करायची असते. पहिली, लग्न खरे आहे की केवळ कागद मिळवण्यासाठी केले आहे. दुसरी, अर्जदार व्यक्ती ग्रीन कार्डसाठी इतर सर्व दृष्टींनी पात्र आहे की नाही. पहिल्या मुद्द्यावर अमेरिकी न्यायालयांनी बरेच स्पष्ट सांगून ठेवले आहे. लग्नानंतर वेगळे व्हायचे हे आधीच ठरवून केवळ देशात प्रवेश मिळवण्यासाठी केलेली लग्ने सर्वोच्च न्यायालयापुढे लुटवॅक खटल्यात आली होती, आणि १९५३ साली त्या न्यायालयाने आरोपींची शिक्षा कायम केली. पुढे १९७५ च्या बार्क खटल्यात अपील न्यायालयाने कसोटी नेमकी मांडली: लग्न करताना दोघांचा एकत्र संसार करण्याचा हेतू होता का? म्हणजे संसार आदर्श असावा, भांडणे होऊ नयेत, दोघांच्या आवडीनिवडी जुळाव्यात अशी अपेक्षा कायद्याने ठेवलेली नाही. हे ध्यानात घेतले की मुलाखतीचे निम्मे दडपण कमी होते.

दोघांनीही हजर राहणे आवश्यक आहे का? मुलाखत मुंबईत असेल तर?

अमेरिकेतील कार्यालयात मुलाखत असेल तर दोघांनीही जायचे असते. अर्ज करणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदार आलाच नाही, तर लग्नाबद्दल विचारायचे कोणाला हा प्रश्न उभा राहतो आणि प्रकरण तिथेच अडकते. मुलाखत माफ करण्याचा अधिकार विभागाला आहे, परंतु तो आपल्या बाबतीत वापरला जाईल असे गृहीत धरू नये.

पती किंवा पत्नी अजून भारतात असेल तर मार्ग वेगळा असतो. अमेरिकेतील जोडीदाराने भरलेला आय-१३० हा नात्याचा अर्ज मंजूर झाल्यावर प्रकरण अमेरिकेच्या परराष्ट्र विभागाकडे जाते आणि मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात होते. तिथे फक्त भारतातील जोडीदाराला बोलावलेले असते. अमेरिकेतील जोडीदाराच्या वतीने बोलणारे तिथे कोणी नसते, त्यामुळे त्याची नोकरी, पत्ता, पूर्वीचे लग्न, अमेरिकेत येण्याचा इतिहास हे भारतातील जोडीदाराला नीट माहीत असणे फार गरजेचे ठरते.

सोबत कोणती कागदपत्रे न्यावीत?

बोलावण्याच्या पत्रात यादी दिलेली असते. ती आधाराला धरावी. साधारणपणे दोघांची छायाचित्र असलेली ओळखपत्रे, परदेशी जोडीदाराचे चालू आणि जुने पासपोर्ट, अमेरिकेतील प्रवेशाची आय-९४ ही नोंद, जन्मदाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आधीचे लग्न झालेले असल्यास घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला, नागरिकत्वाचा किंवा ग्रीन कार्डचा पुरावा आणि पाठवलेल्या संपूर्ण अर्जाची एक प्रत एवढे हवेच. सर्व दाखल्यांच्या मूळ प्रती सोबत असाव्यात. वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ हा फॉर्म डिसेंबर २०२४ पासून आय-४८५ या ग्रीन कार्डच्या मुख्य अर्जासोबतच जोडावा लागतो. ज्यांनी त्याआधी अर्ज केला आणि तो फॉर्म जोडला नाही, त्यांनी तपासणीचे पाकीट न उघडता न्यावे.

यापुढची कागदपत्रे लग्न खरे असल्याची. नियमांत त्यांचे प्रकार सांगितलेले आहेत: दोघांच्या नावावरील मालमत्ता, दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकत्र आर्थिक व्यवहार, मुलांचे जन्मदाखले, आणि दोघांना ओळखणाऱ्या व्यक्तींची शपथपत्रे. व्यवहारात संयुक्त बँक खाते, एकत्र भरलेले करविवरण, आरोग्य आणि वाहन विमा, विम्यातील वारसाचे नाव, मोबाइलची सामाईक योजना, प्रवासाची तिकिटे हे सारे उपयोगी पडते. अर्ज केल्यानंतर मुलाखतीपर्यंत अनेक महिने गेलेले असतात; त्या काळातील नवे पुरावे अवश्य न्यावेत, कारण जुने अधिकाऱ्याकडे आधीच असतात. खाते उघडले आहे पण त्यातून कधी दूध-भाजीसुद्धा आलेली नाही, असे खाते फारसे काही सिद्ध करत नाही. घरभाडे, वीजबिल, किराणा ज्यातून जातो ते विवरण अधिक बोलके असते.

छायाचित्रे वीस-पंचवीस पुरेत. लग्नाच्या अल्बममधील दोघांचीच सजलेली छायाचित्रे भरपूर नेण्यापेक्षा साखरपुडा, हळद, अंतरपाट, सप्तपदी, नंतरचे सणवार, दोन्हीकडचे नातेवाईक असा काळाचा क्रम दिसेल अशी निवडावीत आणि मागे तारीख, ठिकाण व माणसांची नाती लिहावीत.

आमचे लग्न ठरवून झाले. दोनतीन भेटींतच होकार दिला. अधिकाऱ्याला हे संशयास्पद वाटेल का?

ठरवून झालेले लग्न अमेरिकी स्थलांतर कायद्याला पूर्णपणे मान्य आहे, आणि भारतीय अर्जदारांची प्रकरणे पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना ते अपरिचितही नसते. अडचण वेगळ्याच ठिकाणी होते. पुष्कळ जोडप्यांना अशी भीती वाटते की अमेरिकी माणसाला प्रेमकथाच ऐकायची असते, आणि मग "आम्ही एका मित्राकडे भेटलो" अशी गोष्ट रचली जाते. ही गोष्ट अर्जातील तारखांशी जुळत नाही, आईवडिलांच्या शपथपत्राशी जुळत नाही, आणि खरे असलेले लग्न विनाकारण खोटे दिसू लागते. एक कळकळीची विनंती आहे: जसे झाले तसेच सांगावे.

सांगताना मात्र तपशिलाने सांगावे. स्थळ कोणी सुचवले, आत्याने, विवाह मंडळाने की संकेतस्थळाने? पत्रिका पाहिली का? पहिला फोन कोणी केला? पाहण्याचा कार्यक्रम कोणाच्या घरी झाला, सोबत कोण होते, दोघांना वेगळे बोलायला वेळ मिळाला तेव्हा काय बोलणे झाले? होकार का दिला? हा शेवटचा प्रश्न हमखास येतो, आणि "घरच्यांनी सांगितले म्हणून" एवढेच उत्तर पुरेसे नसते, कारण लग्न स्वतःच्या इच्छेने केले आहे हेही अधिकाऱ्याला कळायला हवे असते. दोन्ही घरांनी स्थळ शोधले आणि निर्णय आम्ही घेतला, असे बहुतेकांच्या बाबतीत खरेच असते. ते स्वतःच्या शब्दांत सांगावे. साखरपुडा ते लग्न यांमधील काळातील फोन आणि संदेशांच्या नोंदी, लग्नपत्रिका, मंगल कार्यालयाची पावती, भारतात येण्याजाण्याची तिकिटे हे सर्व या कथेला आधार देते.

लग्नानंतर आठपंधरा दिवसांत अमेरिकेतील जोडीदार नोकरीसाठी परतला आणि दुसऱ्याला यायला वर्ष लागले, हेही आपल्याकडे नेहमीचे आहे. त्या काळात संपर्क कसा होता, कोण कोणाला भेटायला आले, सणाला सासरी कोण गेले होते, याचे उत्तर तयार असावे.

आम्ही सासू-सासऱ्यांच्या घरात राहतो. भाडेकरार, वीजबिल काहीच आमच्या नावावर नाही. मग एकत्र राहण्याचा पुरावा काय?

घर ज्यांच्या नावावर आहे त्यांनी नोटरीसमोर शपथपत्र करून द्यावे की हे दोघे अमुक तारखेपासून आमच्यासोबत, या खोलीत राहतात, आणि सोबत घराच्या मालकीची किंवा कराची प्रत जोडावी. दोघांची पत्रे याच पत्त्यावर येतात हे दाखवावे: वाहन परवाना, बँकेची विवरणे, वेतनचिठ्ठी, विमा, डॉक्टरांची बिले. घरखर्चात दोघांचा काही वाटा असेल तर त्याची नोंद ठेवावी. एकत्र कुटुंबात सुनेचे नाव कशावरच नसणे ही आपल्याकडील जुनी सवय आहे. मुलाखतीसाठीच नव्हे, तर तिच्या स्वतःच्या सुरक्षिततेसाठीही ती बदललेली बरी.

जन्मदाखला, पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्र यांवरील नावे जुळत नाहीत. काय करावे?

महाराष्ट्रात हा प्रश्न जवळजवळ घरोघरी येतो. लग्नाआधी मधले नाव वडिलांचे, लग्नानंतर पतीचे, आडनाव बदललेले, काही घरांत लग्नात वधूचे पहिले नावही बदललेले. त्यात जन्मदाखल्यावर नुसते "मुलगी" लिहून नावाचा रकाना रिकामा ठेवलेला, किंवा एका ठिकाणी आडनावाचे स्पेलिंग एक आणि दुसरीकडे वेगळे. अधिकाऱ्याला हे आपोआप कळणार नाही. अर्जात "वापरलेली इतर सर्व नावे" असा भाग असतो, तिथे माहेरचे पूर्ण नाव, लग्नात ठेवलेले नाव, वेगळी स्पेलिंगे, सगळे लिहावे. नाव राजपत्रात बदलले असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्राची प्रत न्यावी. नसेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे शपथपत्र आणि जुना पासपोर्ट, शाळा सोडल्याचा दाखला असा साखळीने जोडणारा पुरावा द्यावा. जन्मदाखल्यात नाव घालून घेता येते. ते काम भारतातील नातेवाइकांकडून वेळेत करून घ्यावे.

आणखी एक बारीक गोष्ट. सासरच्या माणसांची नावे विचारली जातात आणि आपण आयुष्यभर त्यांना आक्का, भाऊ, नाना, माई अशाच नावांनी ओळखत असतो. सासूबाईंचे कागदोपत्री नाव काय, हे जावयाला माहीत नसणे आपल्याला नैसर्गिक वाटते. अधिकाऱ्याला ते तसे वाटेलच असे नाही. दोन्ही घरांतील आईवडील आणि भावंडे यांची कागदोपत्री नावे आणि ते सध्या कुठे राहतात हे एकमेकांना सांगून ठेवावे.

जन्माची नोंदच नाही किंवा फार उशिरा झाली आहे.

जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. त्यानंतरही खेड्यांत अनेक जन्म नोंदवले गेले नाहीत, आणि वर्षानंतरची नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने करावी लागते. नोंद नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्यावे आणि त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र, जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन ज्येष्ठांची शपथपत्रे द्यावीत. अलीकडेच, केवळ अर्जासाठी केलेली उशिराची नोंद असेल, तर तिच्यासोबतही हे दुय्यम पुरावे न्यावेत.

मराठीतील दाखल्यांचे भाषांतर कोणी करायचे?

संपूर्ण दाखल्याचे, शिक्क्यातील मजकुरासह, इंग्रजी भाषांतर लागते. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपण दोन्ही भाषा जाणतो, असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचे असते. सरकारमान्य भाषांतरकारच हवा अशी अट नाही. तरी अर्जदाराने किंवा जोडीदाराने स्वतः हे करू नये. परिचयातील दोन्ही भाषा जाणणाऱ्या व्यक्तीने केलेले चालते.

विवाह प्रमाणपत्राबाबत एक लक्षात ठेवावे. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखालील प्रमाणपत्रात लग्न लागल्याची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगळी असते. अर्जात लग्नाची तारीख म्हणून लग्न लागले तो दिवस लिहावा. पुष्कळ जोडपी व्हिसासाठी आधी नोंदणी करतात आणि घरचे लग्न मुहूर्तावर नंतर होते. तसे असेल तर कायदेशीर लग्नाची तारीख कोणती हे दोघांनीही एकसारखे सांगायला हवे. गोव्यात नोंदणी हाच कायदेशीर लग्नाचा पाया आहे, त्यामुळे तेथील जोडप्यांनी नागरी निबंधकाचे प्रमाणपत्र पुढे ठेवावे. देवळातील किंवा चर्चमधील विधीची छायाचित्रे सोबत असतातच.

मुलाखतीच्या दिवशी काय घडते?

प्रवेशद्वारावर विमानतळासारखी तपासणी होते, मग पत्र दाखवून बसायचे. फार लवकर जाण्याची गरज नाही, पण उशीर नको. अधिकारी बोलावून नेतो आणि दोघांना उजवा हात वर करून खरे बोलण्याची शपथ घ्यायला सांगतो. ओळखपत्रे पाहिली जातात. त्यानंतर अधिकारी अर्जातील नोंदी एकेक करून पडताळतो: पत्ता बदलला का, नोकरी तीच आहे का, शेवटचा प्रवेश कधी झाला. मग लग्नाबद्दलचे प्रश्न, नवे पुरावे, आणि शेवटी हो-नाही स्वरूपाची एक लांब प्रश्नावली. सरळ प्रकरणात हे सारे साधारण अर्ध्या तासात आटोपते. बदललेले काही असेल तर सुरुवातीलाच सांगावे. अर्जावर लाल शाईने दुरुस्ती करून पुढे जाणे हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे.

कोणते प्रश्न विचारतात? पाठ करून जावे का?

पाठ करून जाऊ नये. कुठे भेटलात, लग्नाला किती माणसे होती, दोन्हीकडून कोण आले होते, सध्या घराचे भाडे किती, जोडीदार कामाला कधी निघतो, मागच्या वाढदिवसाला काय केले, शनिवार-रविवार कसा जातो, स्वयंपाक कोण करते, असे प्रश्न असतात. एकत्र राहणाऱ्या माणसांना याची उत्तरे येतातच. शब्दन् शब्द सारखी उत्तरे देणारे जोडपे अधिकाऱ्याला शिकवल्यासारखे वाटते, आणि तो बरोबर त्याच ठिकाणी खोदू लागतो. बाजारात मिळणाऱ्या प्रश्नसंचांची उजळणी करण्यापेक्षा एक संध्याकाळ पाठवलेला अर्ज दोघांनी मिळून शेवटपर्यंत वाचण्यात घालवावी. मुलाखतीत सर्वाधिक गोंधळ अर्जातच चुकीच्या लिहिलेल्या तारखा, विसरलेले जुने पत्ते आणि नोकऱ्या यांमुळे होतो.

उत्तर आठवले नाही, किंवा दोघांची उत्तरे वेगळी आली तर?

"मला आठवत नाही" आणि "मला माहीत नाही" ही दोन्ही पूर्ण उत्तरे आहेत. अंदाजाने दिलेले चुकीचे उत्तर त्याहून वाईट. प्रश्न कळला नसेल तर पुन्हा विचारायला सांगावे. एकाने काल रात्री पिठले-भाकरी म्हटले आणि दुसऱ्याने वरण-भात, एवढ्याने कोणाचे ग्रीन कार्ड थांबत नाही. जोडीदाराचे आधीचे लग्न, त्याची मुले किंवा तो कुठे राहतो याबद्दल उत्तरे वेगळी आली तर मात्र ते गंभीर आहे. जोडीदार बोलत असताना मध्येच त्याची चूक दुरुस्त करण्याची सवय अनेकांना असते. ती त्या अर्ध्या तासापुरती आवरावी.

मुलाखत मराठीत देता येते का?

अधिकारी इंग्रजीतच बोलतो, पण आपला दुभाषी सोबत नेता येतो. तो प्रौढ असावा, दोन्ही भाषा त्याला चांगल्या याव्यात, आणि प्रकरणात त्याचा स्वार्थ नसावा. वकिलाला ही भूमिका करता येत नाही आणि जोडीदाराने ती करणे योग्य नाही. दुभाष्याला जी-१२५६ या फॉर्मवर अधिकाऱ्यासमोर सही करावी लागते. इंग्रजी कामापुरते येते म्हणून दुभाष्याशिवाय जाणारे पुष्कळ जण "एव्हर" आणि "नेव्हर" यांत घोटाळा करतात आणि शपथेवर भलतेच सांगून बसतात. दुभाषी नेण्यात कमीपणा नाही. इंग्रजी येणे ही ग्रीन कार्डची अट नाही.

हो-नाही प्रश्नावलीत काय सांभाळावे?

हे प्रश्न "आयुष्यात कधीही" या शब्दांनी सुरू होतात, आणि घाईत सगळ्यांना "नाही" म्हणण्याची चूक इथेच होते. कधी अटक झाली का, या प्रश्नात भारतातील अटकही येते, आणि खटला सुटला असला तरी ती सांगावीच लागते. निकालाची प्रत मिळवून ठेवावी. शस्त्रे हाताळण्याचे किंवा लष्करी स्वरूपाचे प्रशिक्षण घेतले का, असाही प्रश्न असतो. शाळा-कॉलेजात एनसीसीच्या शिबिरात बंदूक चालवली असेल तर वकिलाशी बोलून ते उत्तरात द्यावे. त्यात दडवण्यासारखे काही नाही. कम्युनिस्ट किंवा सर्वंकष सत्तावादी पक्षाचे सदस्यत्व विचारले जाते. कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेल्या कामगार किंवा विद्यार्थी संघटनेत काम केलेल्यांनी हा प्रश्न हलका समजू नये. सोळा वर्षांखालील, सक्तीच्या किंवा काही वर्षांपूर्वीच संपलेल्या सदस्यत्वाला कायद्यात सवलत आहे, परंतु ती सवलत खरे सांगणाऱ्यालाच मिळते.

स्टोक्स मुलाखत म्हणजे काय?

लग्नाबद्दल शंका राहिली तर दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवून तेच प्रश्न विचारले जातात आणि उत्तरे ताडून पाहिली जातात. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये झालेल्या स्टोक्स खटल्यावरून हे नाव पडले. त्या खटल्यातून अशा मुलाखतींमध्ये जोडप्यांना कोणते हक्क असावेत हे ठरवले गेले. इथे प्रश्न फार बारीक असतात: पलंगाच्या कोणत्या बाजूला कोण झोपते, आज सकाळी आधी कोण उठले, न्हाणीघराच्या पडद्याचा रंग कोणता. मुलाखत तासन्‌तास चालू शकते आणि तिचे ध्वनिमुद्रण होऊ शकते. अशा मुलाखतीचे पत्र आले तर वकिलाशिवाय जाऊ नये. विभागाचे अधिकारी घरी अचानक येऊन चौकशी करू शकतात, हेही लक्षात ठेवावे.

लग्न खरेच खोटे असेल, तर परिणाम भीषण आहेत. केवळ स्थलांतर कायद्याला चकवण्यासाठी केलेल्या लग्नाला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे, आणि तसे एकदा सिद्ध झाले की त्या व्यक्तीसाठी पुढे कोणीही केलेला कौटुंबिक किंवा नोकरीचा अर्ज मंजूर होत नाही, पुढचे लग्न कितीही खरे असले तरी.

आधीचा घटस्फोट, मामेबहिणीशी लग्न, समलिंगी लग्न, ऑनलाइन लग्न यांचे काय?

जिथे लग्न लागले तिथल्या कायद्याने ते वैध असावे, हा मूळ नियम. आधीचे लग्न जातपंचायतीसमोर काडीमोड घेऊन संपवले असेल तर ही मोठी अडचण आहे. हिंदू विवाह कायद्याने रूढीने होणारा घटस्फोट मान्य केलेला असला तरी ती रूढी खरोखर आहे हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो, त्यामुळे शक्य असल्यास भारतीय न्यायालयाचा निकाल मिळवावा. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत महाराष्ट्राच्या अनेक भागांत आहे, आणि कॅलिफोर्निया किंवा न्यूयॉर्कसारख्या राज्यांत असे लग्न करता येते. टेक्सासने मात्र २००५ पासून ते निषिद्ध केले आहे. राहायचे राज्य कोणते यावर बरेच अवलंबून असल्याने आधीच सल्ला घ्यावा. समलिंगी जोडप्यांना अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या विंडसर निकालापासून हीच प्रक्रिया आणि हेच निकष लागू आहेत. भारतात असे लग्न नोंदवता येत नसल्याने ते जिथे वैध आहे तिथे झालेले असावे लागते. दोघे वेगळ्या ठिकाणी बसून व्हिडिओवर लागलेले लग्न, त्यानंतर दोघांचे वैवाहिक सहजीवन प्रत्यक्ष सुरू झाल्याशिवाय, स्थलांतरासाठी ग्राह्य धरले जात नाही.

व्हिसाची मुदत संपली आहे. मुलाखतीत अटक होऊ शकते का?

रीतसर तपासणी होऊन देशात आलेल्या आणि अमेरिकी नागरिकाशी लग्न झालेल्या व्यक्तीला मुदत संपली असली तरी इथूनच ग्रीन कार्ड मिळू शकते. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला ही सवलत नाही. असे असूनही नोव्हेंबर २०२५ मध्ये सॅन डिएगो येथील कार्यालयात मुलाखतीला आलेल्या, व्हिसाची मुदत संपलेल्या काही जोडीदारांना तिथेच ताब्यात घेतल्याच्या बातम्या अमेरिकी वृत्तमाध्यमांत आल्या. म्हणून अशा प्रत्येकाने आधी वकिलाला भेटावे, शक्यतो त्याला सोबत न्यावे, आणि घरच्यांजवळ त्याचा दूरध्वनी क्रमांक ठेवावा. मुलाखतीला न जाणे हा उपाय नव्हे. त्याने अर्ज सोडून दिल्यासारखे होते.

जोडीदार मारहाण करतो आणि "ग्रीन कार्ड रद्द करीन" अशी धमकी देतो.

ही धमकी ऐकून अनेक जणी वर्षानुवर्षे गप्प राहतात, म्हणून हे स्पष्ट लिहिणे गरजेचे आहे. १९९४ च्या महिलांवरील हिंसाचारविरोधी कायद्यानुसार नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या छळ सोसणाऱ्या जोडीदाराला, स्त्री असो वा पुरुष, आय-३६० द्वारे स्वतःचा अर्ज स्वतः करता येतो. त्याची माहिती जोडीदाराला कळवली जात नाही. मुलाखतीत त्याच्या शेजारी बसून खोटे सांगण्याची सक्ती होत असेल तर त्याआधीच मदत घ्यावी. न्यू जर्सीतील "मानवी" ही संस्था १९८५ पासून आणि न्यूयॉर्कमधील "सखी" १९८९ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी हे काम करत आहेत.

तारीख सोयीची नाही, भारतात जायचे आहे.

पत्रात सांगितलेल्या पद्धतीने, तारखेपूर्वी, कारणासह तारीख बदलून मागावी. आय-४८५ प्रलंबित असताना आगाऊ प्रवासपरवाना न घेता देश सोडला तर अर्ज सोडून दिला असे समजले जाते. वैध एच-१बी, एच-४ किंवा एल व्हिसावर असलेल्यांना यातून वगळले आहे. घरी कोणी आजारी असल्याचा फोन आला की माणूस आधी तिकीट काढतो, म्हणून हे आधीच माहीत असावे.

उत्पन्न कमी असेल तर?

आय-८६४ या आर्थिक हमीसाठी प्रायोजकाचे उत्पन्न कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या दारिद्र्य मर्यादेच्या १२५ टक्के लागते. कमी पडल्यास अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहप्रायोजक होऊ शकतो. नातेवाइकाला सही करायला सांगण्याआधी त्याला हे जरूर सांगावे की ही हमी घटस्फोटाने संपत नाही; लाभार्थी नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नावे सुमारे दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत, किंवा तो कायमचा देश सोडेपर्यंत अथवा त्याच्या मृत्यूपर्यंत ती टिकते.

निकाल कधी लागतो आणि पुढे काय?

काही वेळा तिथेच मंजुरी सांगतात, काही वेळा प्रकरण तपासणीसाठी ठेवतात, काही वेळा आणखी कागद मागणारे पत्र येते. नाकारण्याचा विचार असल्याचे पत्र आले तर त्यातील मुदत अत्यंत कडक असते. ते पत्र त्याच दिवशी वकिलाकडे न्यावे.

मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झाली नसतील तर १९८६ च्या कायद्यानुसार सशर्त, दोन वर्षांचे कार्ड मिळते. ते संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ही अट काढण्याचा आय-७५१ हा अर्ज भरायचा असतो, आणि तेव्हा पुन्हा एकत्र संसाराचे पुरावे लागतात. म्हणून कागद जपण्याची सवय सोडू नये. घटस्फोट किंवा छळ झाला असेल तर एकट्याने तो भरण्याची सोय आहे. कार्ड हाती आल्यावर त्यावरील नाव, जन्मतारीख आणि मुदत तपासावी, आणि घर बदलल्यास दहा दिवसांच्या आत एआर-११ द्वारे नवा पत्ता कळवावा. आर्थिक हमी देणाऱ्या जोडीदारालाही पत्ता कळवण्याचे वेगळे बंधन आहे आणि त्यासाठी आय-८६५ हा स्वतंत्र फॉर्म आहे.